खुंटीवरचा कोट

"वादळात आला कोणी, दार ठोठावीत राती,
ओला कोट टांगायाला, चुलीपाशी खुंटी होती…"

इथवर गाऊन ग्रोआमावशी थांबायची. लोकर विंचरणारे तिचे हात मात्र थांबायचे नाहीत. "हं, पुढचं कोण जोडतंय?" उत्तरेकडच्या त्या दरीत घरोघरी हाच खेळ चालायचा. अर्धं कवन एकानं टाकायचं, उरलेलं दुसऱ्यानं जोडायचं. जो जोडेल, कवन त्याच्या नावावर. मग अख्खी दरी त्याला ते जन्मभर ऐकवणार. या कवनाचा शेवट एकदा कुणालाच जमेना, तेव्हा मावशीनं तो स्वतः केला. तो ऐकून लहानगा इल्लुगी भोकाड पसरून रडला होता.

आता इल्लुगीचे केस पिकले होते. आइसलँडच्या इवल्याशा परराष्ट्र खात्यात, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून तो इंग्रजांशी भांडत होता. भांडण एका वाक्याचं. महायुद्ध चालू होतं आणि इंग्रजांचं सैन्य गेल्या वसंतात बंदरात उतरलं होतं. कुणी बोलावलं नव्हतं, पण उतरताना "माफ करा हं" म्हणत उतरलं. जर्मन येण्यापेक्षा हे बरे, असं म्हणून लोकांनी खिडक्यांचे पडदे सरकवले आणि कॉफी चढवली. आता कराराचा कागद टंकून तयार होता. मासळीचा भाव ठरला होता, रस्ते ठरले होते. एकच जागा कोरी होती: सैन्य परत कधी जाणार? संध्याकाळी कागद संसदेपुढे जायचा होता. ती जागा भरली नाही, तर हे पाहुणे किती राहणार ते पाहुण्यांनीच ठरवायचं.

"यथावकाश," इंग्रजांचे राजदूत पेंगेलीसाहेब पुन्हा म्हणाले. माणूस लाघवी, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरचा.

"यथावकाश म्हणजे?"

"म्हणजे घाई न करता."

"येताना केलीत की!"

टाइपरायटरमागून सालवोर खुदकन हसली. ती इल्लुगीची थोरली बहीण आणि खात्याची एकुलती एक टंकलेखिका. "साहेब, तुमच्या शिपायांना सांगा," ती म्हणाली, "आमच्या मावशीच्या कुरणाच्या कुंपणावर चड्ड्या वाळत घालतात. मेंढ्या बुजतात."

"बाई, शब्दांचं बोला हो! शब्द निवडायची मोकळीक लंडननं मला दिलीय," पेंगेली कळवळून म्हणाले. "पण 'ताबडतोब' लिहिलं तर वाटेल, तुम्ही आम्हाला हाकलताय."

"आणि 'यथावकाश' लिहिलं तर वाटेल, आम्ही तुम्हाला दत्तक घेतलंय," इल्लुगी म्हणाला.

खिडकीबाहेर चेंडूच्या मैदानावर पत्र्याच्या अर्धगोल खोल्या ओळीनं उभ्या होत्या. कालपेक्षा आज जास्त. एका दारापुढे एका शिपायानं मुळ्याचा वाफाही केला होता. तो वाफा इल्लुगीला तोफेपेक्षा जास्त खुपला. तोफ आज ना उद्या उचलून नेतात. मुळे लावणारा माणूस लवकर उठत नाही.

त्यानं साखरेचा खडा दातांत धरला, त्यावरून कॉफीचा घोट घेतला आणि कागद बाजूला सारला.

"जाऊ द्या, साहेब. एक खेळ खेळू. आमच्याकडचा." त्यानं मावशीचं अर्धं कवन जमेल तसं इंग्रजीत सांगितलं, खेळाची रीतही सांगितली. "आता पुढचं तुम्ही जोडा."

सालवोरची बोटं टाइपरायटरवर थबकली. तिनं भावाकडे पाहिलं. भावानं तिच्याकडे मुळीच पाहिलं नाही.

पेंगेली खुलले. कवन म्हटल्यावर त्यांना वाटाघाटीचा विसर पडला. ते ओठांत पुटपुटले, बोटांवर ताल मोजला, दोनदा खोडलं, खिडकीतून समुद्राकडे बघत राहिले. मग स्वतःच्या अक्षरात लिहून, पोरासारखे लाजत त्यांनी वाचून दाखवलं:

"ऊन पडे, कोट वाळे, खांद्यावरती टाकला,
वाट पुसून पाहुणा आपल्या घरा निघाला."

"वा!" इल्लुगी म्हणाला. "ऊन पडल्यावर किती दिवसांनी निघाला?"

"किती दिवसांनी कसले? कोट वाळला की माणूस निघतोच! घर नाही का त्याला?"

"कुणी हाकललं त्याला?"

"छे! भला माणूस आहे तो. आपण होऊन…" पेंगेलींचं वाक्य अर्ध्यात राहिलं. त्यांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, कराराच्या कोऱ्या जागेकडे पाहिलं, मग इल्लुगीकडे. हळूहळू त्यांच्या मिशा थरथरू लागल्या आणि ते खो खो हसत सुटले.

"जो जोडेल, कवन त्याच्या नावावर," इल्लुगी नम्रपणे म्हणाला.

"लबाड आहात!" पेंगेलींनी डोळे पुसले. "टंका, बाई. 'युद्ध संपताच सर्व सैन्य परत जाईल.' ऊन पडलं, कोट वाळला. झालं?"

सालवोरनं टंकलं. सह्या झाल्या, शिक्का बसला. इल्लुगीनं शाई वाळेपर्यंत कागदावर हात धरून ठेवला.

टोपी घेऊन दाराशी गेलेले पेंगेली मागे वळले. "पण मावशींचा मूळ शेवट काय होता हो? माझ्यासारखाच असणार."

सालवोरनं पदर धरावा तसा तोंडाला रुमाल धरला. "सांग रे आता. सही झालीय."

इल्लुगीनं करार कपाटात ठेवला, किल्ली फिरवली, किल्ली खिशात टाकली. मग मावशीच्याच चालीत, हलक्या आवाजात त्यानं म्हटलं:

"कोट वाळला, पाहुणा चुलीपाशीच राहिला,
गोठ्यामधे घरधनी मेंढ्यांसंगे निजविला."