बॅच सातशे अठरा

टेपवर चार नापास, आणि चिठ्ठीत छापून आले तीन.

सुलक्षणानं पुन्हा मोजले. तीनच.

साकीनाक्याच्या त्या औषध कारखान्यात सत्त्याऐंशी साली दोन कॉम्प्युटर होते. तळमजल्यावर प्रयोगशाळेतला रोज संध्याकाळी टेपवर लिहायचा, कुठली बॅच पास, कुठली नापास. वरच्या मजल्यावरचा ती टेप वाचून भांडुपच्या गोदामाला माल सोडायची चिठ्ठी छापायचा. दोघांना जोडणारा प्रोग्राम सुलक्षणानं लिहिलेला. आकडे जुळतात का, हे रोज सकाळी बघायचं कामही तिचंच.

सलाइनची बॅच सातशे अठरा. टेपवर नापास, बाटल्यांत बुरशी. चिठ्ठीत मात्र पास. तीनशे बाटल्या, अकराच्या गाडीनं, मुलुंडच्या एका प्रसूतिगृहाला.

घड्याळात दहा वीस झाले होते. आपल्याच प्रोग्रामनं घात केला की काय! टेपवरच्या निकालांचा छापील कागद आणि चिठ्ठी हातात धरून ती मॅनेजर मधुकर धुरींच्या केबिनमध्ये शिरली.

"साहेब, वाट लागली!"

धुरींनी चष्मा लावून दोन्ही शांतपणे वाचलं. "आधी बस. पाणी पी. अजून कोणाला दाखवलंस?"

"नाही साहेब. धावत तुमच्याकडेच आले."

त्यांनी फोन उचलला. "भांडुप गोदाम द्या... हॅलो, धुरी बोलतोय. सातशे अठरा गाडीत चढवू नका... चढवली? मग उतरवा. आत्ताच्या आत्ता. मी थांबतो."

रिसीव्हर कानाला लावून ते बसून राहिले. सुलक्षणाच्या डोळ्यांसमोर ओल्या बाळंतिणी, त्यांच्या हातांत खुपसलेल्या सुया. तिनं पदराचं टोक दातांत धरलं.

"उतरवली? शाबास!" धुरींनी फोन ठेवला.

तिला रडूच फुटलं. "माझी नोकरी जाणार ना, साहेब?"

"डायरेक्टरांनी ती टेप बघितली तर जाईल. पुसून टाक ती. हे कागद माझ्याकडे राहू दे. प्रयोगशाळेचं मी बघून घेतो. आणि बाहेर एक अक्षर काढू नकोस."

देवमाणूस, तिच्या मनात आलं. वर जाऊन तिनं टेप चढवली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत पुसली.

सव्वाअकराला चहाला खाली उतरताना ती टेलिफोन बोर्डापाशी थांबली. ऑपरेटर रत्नप्रभा, तिची डबा खायची मैत्रीण, तारा खुपसत बसली होती.

"रत्ना, मघाशी साहेबांना भांडुप पटकन जोडून दिलंस, फार बरं केलंस गं."

रत्नप्रभानं कानावरचा हेडफोन खाली ओढला.

"कुठचं भांडुप? गोदामाची लाइन कालपासून डेड आहे."