सातवा सवाल

नंदुरबारच्या कापसाच्या जिनात यंत्र अचानक सुरू झालं आणि दोधूची चार बोटं गेली. त्याला उचलून दवाखान्यात नेलं ते जोडीदार लोटनने. आठ दिवसांत मालकाने दोधूला कामावरून काढलं, तेव्हा दावा लावायला धुळ्याच्या वकिलाकडे घेऊन गेला तोही लोटनच.

महिन्याभराने मालकाच्या वकिलाचे लेखी सवाल आले. लोटनला शेजारी बसवून दोधू शाळेच्या मास्तरांना उत्तरं सांगू लागला.

"यंत्र सुरू करण्याआधी आरोळी दिली होती काय?"

"नही मास्तर, कोनीच दिन्ही नही."

सातव्या सवालाशी मास्तर थबकले. मग त्यांनी सावकाश वाचलं, "दोन वर्षांपासून आपणांस डाव्या कानाने ऐकू येत नाही व ही गोष्ट आपण मालकापासून लपवली, हे खरे काय?"

काम जाईल या भीतीने दोधूने हे बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"लिखी ल्या, खरं शे," तो म्हणाला. "पन हाई मी येकट्या लोटनले सांगेल व्हतं."

लोटनने मान खाली घातली.

"मालक माले मुकादम करनार शे, दोधू."