एक नंबरचा तुकडा

"हात लावायचा नाही!" तपासनीस ओरडला, तसा सासूने पुढे केलेला हात मागे घेतला. आयुष्यात पहिल्यांदा हिने कुणाचं ऐकलं, असं तिचा दीर मागे कुणाच्या तरी कानात म्हणाला.

टेबलावर वेल्डिंग केलेले पोलादाचे दोन तुकडे होते. एकावर एकचा आकडा ठोकलेला, म्हणजे तो सासूचा. दुसऱ्यावर दोन, म्हणजे सुनेचा. पास होईल तिलाच बॉयलरचं काम. सून नापास झाली तर सहा महिन्यांनी परत बसेल. सासूची साठी उलटलेली. तिला दुसरी संधी नव्हती. नापास, की वेल्डिंगची काच कायमची खुंटीला.

तपासनिसाच्या हातात साबणाच्या वडीएवढा चुंबक होता. चुंबकाला वायर, वायरीला स्पीकर. "जोड थंड होताना ताण आत अडकून बसतो," तो म्हणाला. "डोळ्यांना दिसत नाही. चुंबक फिरवला की पोलाद बोलतं. खरखर जास्त, तर ताण जास्त. असा जोड आज ना उद्या फाटतोच."

"बोलतं म्हणे!" सासू म्हणाली. "चाळीस वर्षं माझ्यापुढे तर तोंड उघडलं नाही."

"त्याची काय टाप, वहिनी!" दीर म्हणाला.

सगळी शेड हसली. सून हसली नाही.

आधी दोन नंबर. चुंबक टेकला मात्र, तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा स्पीकर चरचरला. चुंबक पुढे सरकला, आवाज आणखी चढला. "नापास," तपासनीस म्हणाला.

सुनेने मान खाली घातली. "असू दे गं," सासू म्हणाली. तिने टोमणा मारला नाही, याचंच सगळ्यांना नवल वाटलं.

मग एक नंबर. कुणी खोकलंसुद्धा नाही. चुंबक निम्म्यावर आला. नुसती कुजबुज. टोकाला पोचला. तेवढीच कुजबुज.

"पास! इतका शांत जोड यंदा मी ऐकला नाही."

शेड दणाणली. कुणी पिंपावर हातोडी बडवली, कुणी शिट्ट्या मारल्या. दीर तर जागच्या जागी नाचला. सासूने मान अशी ताठ केली की जणू बॉयलर तिच्याच डोक्यावर ठेवायचा होता.

"आता लावू ना हात?" तिने तुकडा उचलला आणि जोडावरून कौतुकाने अंगठा फिरवला. शेवटाला अंगठा थबकला. तिथे डाळीएवढा उंचवटा होता. जोड संपवताना बोटभर मागे येऊन थांबायची खोड शेडमध्ये एकीलाच होती. निरोप घेऊन दारातून परत फिरणाऱ्या पाहुण्यासारखी. त्यावरून सासूने तिला चार वर्षं झापलं होतं.

टाळ्या चालूच होत्या. सासूने सुनेकडे पाहिलं. सासू चष्मा लावायला तयार नसे, म्हणून दोघींचे आकडे सूनच ठोकायची.

"अदलाबदल केलीस?"

"आई, तुमचा जोड घाईत झाला, मी पाहिलं. मला परत बसता येईल," सून पुटपुटली. "तुम्हाला नाही."

"गप! तुझा जोड माझ्या नावावर खपवतेस? एवढी गेले मी कामातून?" सासूचा आवाज छपराला लागला. टाळ्या थांबल्या. "थांबत थांबत कर, पोलादाला दम खाऊ दे, हे तुला दिवसातून दहादा सांगायचं, आणि आज माझ्याच अंगात वारं शिरलं. एका दमात ओढला मी!"

तिने हातोडी मागितली. दोन्ही आकडे ठोकून ठोकून बुजवले. मग तपासनिसाकडे वळली. त्याचं पेन हवेतच होतं.

"लिहा. सासू नापास, सून पास." तिने त्याच्या कागदावर बोट आपटलं. "आणि तिला शिकवलं कुणी, तेही खाली लिहा. ठळक अक्षरात."