नळीतलं पाणी

"आधी जीव काढायचा, मग कातडं," म्हणत ताईंनी सातव्या व्हेंटिलेटरची बॅटरी उपसली आणि बाजूच्या पेटीत ठेवली. ई-कचऱ्याच्या त्या शेडमध्ये बॅटरीला जीवच म्हणत. बॅटरी काढल्याशिवाय यंत्राचा एक स्क्रूही फिरवायचा नाही, आणि त्याआधी यंत्र एकदा चालू करून आतली रुग्णांची माहिती पुसायची, हा तिथला नियम. ताई वीस वर्षं यंत्रं फोडत होत्या. नियमाच्या बाबतीत त्यांच्यापुढे कुणाची डाळ शिजत नसे.

आठवं यंत्र टेबलावर आलं, तशा सकाळपासून दाराशी उभ्या असलेल्या डॉक्टर पुढे झाल्या. रुग्णालयाच्या भंगारासोबत कारकून येतो, फार तर ड्रायव्हर. अतिदक्षता विभागाची प्रमुख स्वतः येते, हे ताई पहिल्यांदाच बघत होत्या.

"हे पुसायच्या आधी मला पंधरा मिनिटं चालवून बघायचंय."

"बघा की. परवा एक आजोबा टीव्ही घेऊन आले. फोडायच्या आधी बातम्या तेवढ्या बघून घेतो म्हणाले."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून नवी कोरी, कोरडी नळी काढली आणि तिच्या टोकाला, रुग्णाच्या फुप्फुसाच्या जागी, तपासणीचा रबरी फुगा बसवला. यंत्र सुरू झालं. टेबलावर फुगा भरला, रिकामा झाला, पुन्हा भरला. पडद्यावर दोन आकडे होते. यंत्राने दिलेले श्वास, आणि रुग्णाने स्वतः घेतलेले. पहिला वाढू लागला. दुसरा शून्यावर होता.

ताईंनी सोबतचा कागद वाचला. "बिघाड, खोटे श्वास मोजते. म्हणजे काय हो?"

"नळीत वाफेचं पाणी साचतं. ते हललं की यंत्राला वाटतं, रुग्णानंच श्वास घेतला. यंत्रात दोष असेल तर कोरड्या नळीतही तसं होतं."

"मग हे मोजेल आता?"

"मोजायला हवं," डॉक्टर म्हणाल्या.

आठ महिन्यांपूर्वी या यंत्रावर एक माणूस होता. मेंदूला जबर मार. शुद्धीवर येण्याची आशा नव्हती, आणि त्याबद्दल डॉक्टरांना तेव्हाही शंका नव्हती, आजही नव्हती. यंत्र काढायला संमती हवी होती. त्याच्या बायकोने कागद हातात घेऊन एकच गोष्ट विचारली. "यातला एक जरी श्वास त्याचा स्वतःचा असेल, तर मी सही करणार नाही. आहे का?" दुसरा आकडा तेव्हा चारवर होता. "ते नळीतलं पाणी आहे," डॉक्टर म्हणाल्या, आणि बाईने सही केली. नळी काढून झटकायला दोन मिनिटं लागली असती. डॉक्टरांनी ती झटकली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनीच यंत्राच्या नावे हा बिघाड लिहिला आणि ते अडगळीत ढकललं.

जेवणाची सुट्टी झाली. हातोड्या थांबल्या, माणसं बाहेर गेली. भिंतीलगत रचलेल्या जुन्या टीव्हींच्या काळ्या पडद्यांमध्ये दोघी बायका दिसत होत्या, आणि प्रत्येक पडद्यात एक फुगा वरखाली होत होता. आपलाही श्वास त्या फुग्याच्याच ठेक्यावर चाललाय, हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं. त्यांनी तो मोडायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"पंधरा मिनिटं झाली," ताई म्हणाल्या. "कुठे गळती नाही, काही नाही. ठणठणीत आहे हे."

"अजून पाच मिनिटं. प्लीज."

ताईंनी खांदे उडवले. डॉक्टर पडद्याकडे टक लावून उभ्या राहिल्या. देवाकडेही कुणी करत नसेल इतकी गयावया करत त्या शून्याकडे बघत होत्या.

आणि शून्याचा एक झाला.

मग दोन. तीन. चार.

"बघितलंत? ताई, बघितलंत? मोजतंय! कोरड्या नळीत मोजतंय!" डॉक्टरांचे डोळे भरून आले. आठ महिन्यांनी त्या पहिल्यांदा मोकळं हसत होत्या. "मी म्हटलं होतं त्यांच्या बायकोला, ते श्वास त्यांचे नाहीत. यंत्रच खोटं होतं!"

ताई पडद्याकडे बघतच नव्हत्या.

"मॅडम," त्या म्हणाल्या. "हात."

डॉक्टरांनी खाली बघितलं. त्यांचा उजवा हात फुग्यावर होता. बोटं हलकेच दाबत होती आणि सोडत होती. तो तिथे कधी गेला, हे त्यांना कळलंच नव्हतं.

त्यांनी हात उचलून छातीशी घेतला. आकडा चारवर थांबला. दोघी कितीतरी वेळ बघत राहिल्या. तो पुढे गेला नाही.

ताईंनी पेन काढलं आणि कागदावरची बिघाडाची ओळ खोडली. "चालू यंत्र आम्ही फोडत नाही. आणि फोडायचं नाही तर पुसायचंही नाही, तुमची माहिती तुमच्याकडे. परत न्या. कुणाच्या तरी कामी येईल. करा बंद."

डॉक्टरांचं बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं. फुगा भरला. रिकामा झाला. भरला.

"करा ना बंद, मॅडम," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "त्या टोकाला कुणी नाहीये."