दहातली एक

तालुक्याहून आलेल्या गांगुर्डेसाहेबांनी दहा जुन्या स्लाइड मंजुषाच्या सूक्ष्मदर्शकाशेजारी मांडल्या. प्रत्येकीवरचा नंबर चिकटपट्टीने झाकलेला होता.

"यातली एक मलेरियाची आहे, मॅडम. शोधा."

"परीक्षा घेताय होय, सर? रिटायर व्हायला आलेल्या बाईची?" ती हसली. ते हसले नाहीत.

कळवणपलीकडच्या या आरोग्य केंद्रात मंजुषा रोज तीस-चाळीस तापकऱ्यांचं रक्त तपासायची. चार वर्षांत एकातही मलेरिया निघाला नव्हता. आज मात्र ती ताठ बसली. सहाव्या स्लाइडवर दुसऱ्याच मिनिटाला तिचा हात थबकला. तांबड्या पेशीत मलेरियाच्या जंतूची निळसर, बारीक अंगठी. तिच्यावर लाल खडा. शेजारी आणखी एक.

"सापडली! ही काय, सर. आंधळ्यालासुद्धा दिसेल."

गांगुर्डेंनी चिकटपट्टी सोलली, नंबर पाहिला आणि रजिस्टर उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. मैना वाळू पवार, वय तेवीस. निगेटिव्ह. अक्षर मंजुषाचंच होतं, गोल, नेटकं.

"मंगळवारी गेली," ते म्हणाले. "म्हणून स्लाइड परत काढली."

"मी बघितलं होतं, सर. काच सरकवत भिंगाखालचे शंभरच्या शंभर फील्ड बघितले होते."

"बघितलं असणारच." त्यांनी स्लाइड डबीत घातली आणि ते निघून गेले.

दुपारी चादर पांघरलेला एक तरुण कुडकुडत आत आला. चिठ्ठीवर नाव होतं, वाळू पवार. मंजुषाने त्याच्या बोटाला सुई टोचली, रक्त काचेवर पसरलं, वाळवलं, रंग दिला.

पहिल्याच फील्डमध्ये अंगठी दिसली. तिने फोकसचा स्क्रू फिरवला, तर तो रंगाचा डाग होता. पुढच्या फील्डमध्ये तीन. तेही डागच. तिने चष्मा पुसला.

"काय निघालं, बाई?"

"थांबा. परत बघते."

"बघा सावकाश. मैनाचं बी तुम्हीच बघितलं व्हतं. तुम्ही नाय म्हणल्या, तव्हा कुठं जीव भांड्यात पडला आमचा."

मंजुषाने पुन्हा डोळा लावला. जिकडेतिकडे अंगठ्या होत्या, आणि स्क्रू फिरवायला तिचा हात उचलत नव्हता.