अंगठ्यातला जोर

"गिअरचा खटका लागत नाही, आधीच सांगून ठेवते," सायकल दुकानाच्या पायरीला टेकवत ती म्हणाली. "आत काही बिघाड नाही म्हणे. ह्यांनी तीनदा उघडून पाहिला. नंतर कुरबुर नको."

जुनी सायकल विकायला येणारे लोक दोष झाकतात आणि घंटीचं कौतुक सांगतात. ही बाई पहिल्याच वाक्यात दोष सांगून मोकळी झाली, याची सायकलवाल्याला गंमत वाटली. त्याने हँडलवरचा खटका अंगठ्याने दाबला. खटका गेला, पण आत कशातच अडकला नाही. सोडल्याबरोबर मुकाट जागेवर आला. त्याने पुन्हा दाबला. पुन्हा तेच.

"माझ्या अंगठ्यात जोर राहिला नाही, हेही आहेच," ती म्हणाली.

"मग माझ्याही नाही राहिला म्हणायचा, ताई."

तिचा नवरा दारात उभा होता. "वय कुणाला चुकलंय," तो म्हणाला. "घेऊन टाका हो तुम्ही. उगाच चिरफाड कशाला?"

टेकडीवरच्या दवाखान्यात ती एकोणीस वर्षं नर्स होती. तान्ह्या बाळांना सुई टोचायची ती हिनेच. आया दुसऱ्या कुणाच्या हातात बाळ देतच नसत. गेल्या वर्षी चढावर गिअर पडेनासा झाला. आधी ती सायकल ढकलत वर जाऊ लागली. मग एक दिवस तिच्या मनात आलं, ज्या अंगठ्याने साधा खटका लागत नाही तो सुईमागे कशाला हवा? सुया तिने धाकट्या नर्सकडे दिल्या. आणि गेल्या सोमवारपासून ती स्वतःच्या अर्जाने टेकडीखालच्या भांडारात औषधांची खोकी लावत होती. कुणी जा म्हटलं नव्हतं.

सायकलवाल्याने स्क्रूड्रायव्हर घेतला, खटक्याच्या झाकणाला लावला आणि थांबला. फडक्याने झाकण पुसलं. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

"तीनदा उघडला म्हणालात?"

"तीनदा."

"हा लाल ठिपका बघा. कारखान्यात स्क्रू पिळला की वरून लाख लावतात. स्क्रू जरासा फिरला तरी ही तडकते. ही अख्खी आहे. याला आजवर कुणाचा हातच लागलेला नाही."

ती वाकली. ठिपका नखाएवढाही नव्हता, पण चांगला लालभडक होता. ती बराच वेळ वाकूनच राहिली.

त्या तिन्ही रविवारी नवरा अंगणात वर्तमानपत्र पसरून सायकल घेऊन बसायचा. अर्ध्या तासाने कोपरापर्यंत काळे हात घेऊन आत यायचा. ती त्या हातांवर पाणी घालायची, साबण पुढे करायची, वर आपल्यापायी याचा रविवार गेला म्हणून ओशाळायची. "आत सगळं ठीक आहे," तो म्हणायचा. "जोर तुझ्या अंगठ्यातलाच गेलाय. मान्य कर की."

सायकलवाल्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, त्यामुळे तो आनंदात होता. त्याने लाख फोडली, झाकण काढलं आणि आतलं दाखवलं. मूळचं ग्रीस सुकून मेणासारखं बसलं होतं. "ही बारीक जीभ दातात अडकायला हवी, ती यात रुतून बसलीय. इथे जोराचा प्रश्नच नाही हो. पैलवान आणलात तरी हेच." रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन तो कामाला लागला. दहा मिनिटांनी शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडले. मग हात धुऊन, सायकल उलटी करून त्याने पेडल फिरवलं.

"दाबा आता."

तिने हात मागे घेतला.

"दाबा हो ताई, चावत नाही."

तिने अंगठा ठेवला. टक्. साखळी मोठ्या चक्रावर चढली. तिने पुन्हा दाबला. टक्. लहान मूलही सरकवेल इतका हलका होता तो. ती दाबत राहिली, दुसऱ्या बाजूने सोडत राहिली. चाक फिरत होतं. नवऱ्याने एकदाही इकडे पाहिलं नाही. तो भिंतीवर टांगलेल्या ट्यूबा पाहत होता.

"आता कशाला विकताय?" सायकलवाला म्हणाला. मग त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं, आणि हात धुवायला मागच्या नळावर गेला. आत्ताच धुतलेले असूनही.

"मी निवृत्त झाल्यापासून घर खायला उठतं," नवरा ट्यूबांशीच बोलल्यासारखा म्हणाला. "तू वर गेलीस की दिवेलागणीला परत. खाली बदली झाली तर चारला येशील, एवढंच मनात होतं. बाकी काही वाईट नव्हतं गं."

"मग तसं म्हणायचं होतं."

"म्हटलं असतं तर ऐकलं असतंस?"

"त्याच दिवशी अर्ज दिला असता. हसत दिला असता."

त्याला केवढं तरी हलकं वाटलं. तो वळला, पहिल्यांदाच तिच्याकडे बघून हसलादेखील. "बघ! मग शेवटी झालं ते तेच ना?"

चाक अजून हळूहळू फिरत होतं. तिने ते तळहाताने थांबवलं.

"तेच कसं होईल?" ती म्हणाली. "आई बाळ पुढे करायची आणि मी मागे सरायचे. वर्षभर मला माझ्याच हाताची भीती वाटत होती. आणि तुम्ही मला ते हात धुवायला पाणी घालायला लावत होतात."