पाचवी हाक

"नाव घेतल्याशिवाय शिट्टी नाही," साहेब तिसऱ्यांदा म्हणाले. "विहीर खोल करायचं काम उद्यापासून. आज एकच सुरुंग, शिकायला. विहिरीत पाच जण. कुसाबाई एकेकाला हाक मारतील. नाव येईल त्यानं वर चढायचं, बांधामागं जायचं आणि ओ द्यायची. पाच ओ आल्या की शिट्टी. मग हा वाल्मीक दहा मोजेल आणि बटण दाबेल."

हरसूलकडच्या पाड्यावर तोवर कुणी सुरुंग पाहिला नव्हता. कुसाबाईचा आवाज अख्ख्या डोंगराला ऐकू जायचा, म्हणून तिला निवडलं. नावं तिनं तोंडपाठ केली. काळू, लखन, सुनील, सावळीराम. पाचव्यापाशी ती थांबली. पाचवा तिचा नवरा.

"त्याचंही नाव घ्या," साहेब म्हणाले.

"आमच्या घरातली सून नवऱ्याचं नाव घेत नाय," सासू लंकाबाई जागेवरूनच गरजली. "नाव घेऊन त्याचं आयुष्य कमी करायचं का? तुमचा सुरुंग घ्या आन् जा माघारी."

उन्हाळा दारात, पाणी तळाला. साहेब कशाला भांडतात? "बरं, काहीही म्हणा, पण हाक मारा," म्हणाले आणि जीपमागं जाऊन उभे राहिले. शिकवणारा सगळ्यांत लांब.

कुसाबाई दगडांच्या ढिगावर चढली. तिनं डोळे गच्च मिटले.

"काळूऽ!" थोड्या वेळानं बांधामागून ओ आली. "लखनऽ!" ओ आली. सुनीलची आली. सावळीरामची आली.

मग सासूसमोर, अख्ख्या पाड्यासमोर, तिनं पाचवी हाक मारली. लाजून आवाज दबकाच निघाला.

"अवो..."

"ओ!" बांधामागून लगेच उत्तर आलं.

तिनं शिट्टी फुंकली. वाल्मीक मोजू लागला. एक. दोन.

बांधामागं लंकाबाई पुरुषांशेजारीच दबून बसली होती. लखन कानात बोटं घालता घालता हसत सावळीरामला म्हणाला, "घरी बायकोबी अशीच हाक मारती. सवयीनं माझ्याच तोंडातून ओ गेली बघ."

तीन. चार.

लंकाबाईनं डोकी पाहिली. काळू, लखन, सुनील, सावळीराम. परत पाहिली. चारच. खाली तळाशी तिचा लेक आपलं नाव यायची वाट बघत उभा होता. साहेबांनी सांगितलं होतं ना, नाव आल्याशिवाय चढायचं नाही.

सहा. सात.

"थांब" म्हणायचं तिला सुचलंच नाही. धडपडत ती उठली, विहिरीकडं धावली, आणि गळा फाटेस्तोवर ओरडली,

"मल्हारीऽऽ! ए मल्हारीऽऽ!"

वाल्मीकनं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. कुसाबाईनं डोळे उघडले आणि विहिरीकडं पाहिलं. पाड्यावरच्या म्हाताऱ्या मात्र लंकाबाईकडंच बघत राहिल्या. मल्हारी हे तिच्या सासऱ्याचं नाव. बारशाला ते पोराला ठेवलं, त्या दिवसापासून तिनं ते एकदाही उच्चारलं नव्हतं. लेकाला ती बाबाच म्हणत आली होती.

तळातून ओ आली.

"येतो, येतो! पण वर कोण बाई हाय? आवाज वळखंना."